सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा दिवस : रुग्ण आणि घरचे नेहमी विचारतात ते प्रश्न

शस्त्रक्रियेनंतर काही तासांनी वॉकर घेऊन पलंगाजवळ येऊन उभी राहते आणि "चला आजी, उठायचं का?" असं म्हणते, ती मी. मुंबईत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. गुडघा किंवा खुबा बदललेल्या माणसांना पहिल्यांदा उभं करणं हे माझं रोजचं काम आहे. माझ्या आईचा गुडघा बदलला त्या दिवशी मात्र मी ओटीबाहेरच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेरच्या, खुर्चीवर बसले होते. तेव्हा कळलं की आपल्याला साध्या वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी घरच्यांना कुणी सांगितलेल्याच नसतात. खालचे प्रश्न वॉर्डात, लिफ्टमध्ये, फोनवर मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत. तुमच्या सर्जनने किंवा भूलतज्ज्ञाने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. तुमची फाइल त्यांनी पाहिलेली आहे.

आदल्या रात्री ॲडमिट व्हायचं की सकाळी गेलं तरी चालतं?

दोन्ही पद्धती आहेत. पण पहिली केस तुमची असेल तर सकाळी सहाच्या आसपास हजर राहायला सांगतात. तुम्ही विरार, बदलापूर किंवा पनवेलकडून येणार असाल तर आदल्या संध्याकाळी भरती होणंच बरं, निदान जवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम तरी करावा. पावसाळ्यात तर नक्कीच. हिंदमाता परिसरात पाणी भरलं की परळ-दादरची वाहतूक कशी होते हे मुंबईकराला सांगायला नको. गणेशोत्सवात तारीख मिळाली असेल तर लालबाग-परळचे कोणते रस्ते बंद असतील ते आधी बघून ठेवा.

सोबत आधार कार्ड, विम्याचं कार्ड, जुने एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट आणि रोजच्या गोळ्यांची पाकिटं घ्या. गोळ्या डबीत ओतून आणू नका. नुसती "पांढरी छोटी गोळी" पाहून सिस्टरला काहीच कळत नाही.

किती वाजल्यापासून उपाशी राहायचं? पाणीसुद्धा नाही का?

सर्वसाधारण नियम असा: पोटभर, तळलेलं, मटण-चिकन असं जेवण भूल देण्याच्या आधी आठ तास बंद. हलकं खाणं आणि दूध सहा तास आधी बंद. साधं पाणी बऱ्याच ठिकाणी दोन तास आधीपर्यंत घोटभर चालतं. तुमच्या रुग्णालयाने दिलेली वेळ कागदावर लिहून घ्या, कारण मधुमेह असेल किंवा पोट सावकाश रिकामं होत असेल तर ही वेळ बदलते.

आपल्याकडे घोळ होतो तो 'उपास' या शब्दाने. "उपाशी या" म्हटलं की एखादी आजी साबुदाण्याची खिचडी खाऊन येते, कारण तिच्या लेखी तो उपासच. खिचडी, केळं, राजगिऱ्याचा लाडू, वरीचे तांदूळ हे सगळं जेवणच आहे. आणि आपला रोजचा चहा म्हणजे दूध. तो पाण्यात धरत नाहीत.

हे मी फार कळकळीने लिहिते, कारण आमच्या घरी हेच झालं. आईची वेळ सकाळी आठची होती. पहाटे साडेपाचला तिने अर्धा कप चहा घेतला आणि कुणाला बोलली नाही. भूलतज्ज्ञांनी विचारलं तेव्हा एकदम गप्प झाली, मग हळूच म्हणाली, "घोटभरच घेतला." शस्त्रक्रिया दुपारवर गेली. सगळ्यांची धावपळ झाली, पण तिने सांगितलं म्हणून फक्त उशीरच झाला. भुलीत पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. काही खाल्लं-प्यायलं गेलं असेल तर लाजू नका, सांगून टाका. मिश्री आणि तंबाखूलाही हेच लागू आहे.

बीपी, शुगर, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या त्या सकाळी घ्यायच्या का?

याचं उत्तर प्रत्येकाला वेगळं मिळतं आणि ते भूलतज्ज्ञच देतात. काही बीपीच्या गोळ्या त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, तर काही मुद्दाम वगळतात. शुगरच्या गोळ्या उपाशीपोटी सहसा घ्यायच्या नसतात. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातलं शुगरचं औषध चालू असेल तर ते साधारण तीन दिवस आधीच थांबवायला सांगतात. हृदयात स्टेंट असेल आणि रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ती गोळी परस्पर बंदही करू नका आणि विचारल्याशिवाय चालूही ठेवू नका; तुमचे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी मिळून ठरवायची ती गोष्ट आहे. वैद्यांचे काढे, चूर्ण, लसणाच्या कॅप्सूल, शेजारच्या काकांनी दिलेली दुखण्याची गोळी हेसुद्धा सांगा. "ते काय औषध थोडंच आहे" असं म्हणून हीच यादी नेहमी राहून जाते.

आंघोळ, दागिने, मेंदी?

आदल्या रात्री आणि सकाळी आंघोळ करायची. जंतुनाशक द्रव दिला असेल तर त्याने. त्यानंतर पायाला तेल, पावडर, मलम काही नाही. गुडघ्याला हळदीचा किंवा कसलाही लेप लावून येऊ नका. आणि कृपा करून घरी वस्तऱ्याने केस काढू नका. वस्तऱ्याने कातडीवर बारीक ओरखडे उठतात आणि जंतूंना वाट मिळते. गरज असली तर रुग्णालयात क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या यंत्राने, केस काढतात.

नखांचं पॉलिश काढून या. बोटांवर गडद मेंदी असली तर ऑक्सिजन मोजणारा चिमटा नीट वाचत नाही असं कधीकधी होतं, म्हणून लग्नसराईत मेंदी काढलीच असेल तर सांगून ठेवा. कवळी, चष्मा, अंगठ्या, बांगड्या, जोडवी, नथ सगळं घरच्यांकडे द्यायचं.

मंगळसूत्राबद्दल थोडं वेगळं लिहायला हवं. कितीतरी बायकांनी चाळीस-पन्नास वर्षांत ते कधी गळ्यातून काढलेलं नसतं आणि ओटीच्या दारात तेवढ्यासाठी डोळे भरून येतात. शस्त्रक्रियेत विजेचं उपकरण वापरतात, म्हणून अंगावर धातू ठेवत नाहीत. ते आदल्या रात्री घरीच, आपल्या हाताने, आपल्या माणसाकडे सोपवलं तर मन शांत राहतं. दारात घाईने उतरवून घ्यायची पाळी आणू नये.

सगळे तेच तेच का विचारतात? नाव, कोणता पाय, कसली ॲलर्जी… यांना माहीत नाही का?

माहीत आहे. तरी विचारतात आणि विचारायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक तपासणी-यादी आखून दिलेली आहे. भूल देण्याआधी, काप घेण्याआधी आणि रुग्ण ओटीतून बाहेर नेण्याआधी, असं तीन वेळा थांबून ती म्हटली जाते. सर्जन पायावर पेनाने खूण करतात ती तुम्ही पूर्ण जागे असताना. खूण योग्य पायावर आहे ना, ते तुम्हीही बघा. पाचव्यांदा कुणी विचारलं तरी "अहो सांगितलं ना मघाशी" असं न म्हणता पूर्ण नाव आणि पाय सांगा.

संमतीपत्रावर सही घेताना ते मराठीत मागा. छापलेलं नसेल तर मराठीत समजावून सांगायला सांगा. समजल्याशिवाय सही करायची नाही हा तुमचा हक्क आहे.

थोडा खोकला आहे, लघवीला जळजळ होते. सांगितलं तर ऑपरेशन पुढे ढकलतील ना?

कदाचित ढकलतील. मुलाने रजा काढलेली असते, बहीण गावाहून आलेली असते, मग माणूस म्हणतो, जाऊ दे. पण शरीरात कुठेही जंतुसंसर्ग असला, मग तो दातात असो, लघवीत, पायावरच्या फोडात किंवा टाचेच्या चिघळलेल्या भेगेत, तर तो रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो. कृत्रिम सांध्यावर बसलेले जंतू नुसत्या गोळ्यांनी सहसा जात नाहीत. पुन्हा शस्त्रक्रिया करून धुवावं लागतं, कधी बसवलेला सांधा काढावाही लागतो. पंधरा दिवसांचा उशीर आणि हे, यांची तुलनाच होत नाही.

पूर्ण बेशुद्ध करतात का? सगळं ऐकू येतं म्हणतात, ते खरं का?

गुडघा आणि खुबा या दोन्हींसाठी बहुतेकदा कंबरेत, पाठीच्या कण्यात सुई देऊन खालचा भाग बधिर करतात. तुम्हाला बसवून किंवा कुशीवर झोपवून पाठ मांजरासारखी बाकदार करायला सांगतात. आधी कातडी बधिर करतात, त्यामुळे मुख्य सुईचा फक्त दाब जाणवतो. मग पाय गरम वाटतात, जड होतात आणि काही मिनिटांत आपले राहतच नाहीत. ही भावना विचित्र असते, घाबरू नका. या सुईने "कंबर कायमची दुखते" असं बायका एकमेकींना सांगतात. टोचल्याच्या जागी काही दिवस ठणकू शकतं, एवढंच. काहींना दोन-तीन दिवस डोकं दुखतं. बसलं की वाढणारी आणि आडवं झालं की थांबणारी डोकेदुखी असेल तर सांगा, त्यावर उपाय आहे.

ऐकण्याबद्दल: हो, ठोकल्याचे आणि करवतीसारखे आवाज येऊ शकतात. दुखत मात्र नाही. ज्यांना नको असेल त्यांना सलाईनमधून गुंगीचं औषध देतात आणि बरेच जण चक्क घोरतात. हेडफोन चालतील का ते विचारून ठेवा. माझ्या एका रुग्ण काकांनी आत अभंग ऐकले आणि बाहेर आल्यावर कुठला कितव्यांदा लागला ते सांगितलं. पूर्ण भूल द्यायची वेळ काही जणांच्या बाबतीत येते. त्याची कारणं भूलतज्ज्ञ आधी सांगतात.

आत नेमकं काय करतात? गुडघ्याची वाटीच बदलतात का?

आपण सगळेच "वाटी बदलली" म्हणतो, पण वाटी म्हणजे पुढचं गोल हाड. शस्त्रक्रियेत मुख्य काम वाटीचं नसतंच. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग, जिथली गादी झिजलेली असते, तो काही मिलिमीटर कापून त्यावर धातूचं आवरण बसवतात. वरचा भाग बहुधा कोबाल्ट-क्रोमचा असतो, खालची तबकडी बऱ्याचदा टायटॅनियमची, आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिथिलीनची, म्हणजे खास टणक प्लास्टिकची, चकती. दात झिजला की टोपी बसवतात त्याच्या जवळचं हे काम. वाटीच्या मागच्या बाजूला चकती बसवायची की नाही हे सर्जन ठरवतात. हाडाला धातू चिकटवायला एक सिमेंट वापरतात. ते दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं, म्हणून त्याच दिवशी पायावर भार देता येतो.

खुब्यात मात्र मांडीच्या हाडाचा गोळा काढून दांडीसह नवा गोळा आणि नवी खोबण बसवतात. आजच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेचा पाया इंग्लंडमध्ये सर जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला घातला. जंतुसंसर्गाने ते इतके अस्वस्थ झाले की ओटीतली हवा स्वच्छ ठेवायची व्यवस्था आणि सर्जनसाठी खास बंदिस्त पोशाख त्यांनी विकसित केला. आज ओटीत शिरल्यावर जी थंड हवा अंगावर येते आणि अंतराळवीरासारखे टोप घातलेली माणसं दिसतात, त्याची सुरुवात तिथली आहे. थंडी वाजली तर गरम पांघरूण मागा.

रोबोने करणार म्हणालेत. मग डॉक्टर काय करणार?

डॉक्टरच शस्त्रक्रिया करणार. यंत्र मापं घ्यायला आणि काप अचूक ठेवायला मदत करतं. तुमचा त्या दिवसाचा अनुभव साधारण तोच असतो.

बाहेर किती वेळ बसावं लागतं?

प्रत्यक्ष काम एका गुडघ्याला साधारण एक ते दोन तास. पण त्याआधी तयारी आणि भूल, नंतर रिकव्हरीत देखरेख. वॉर्डातून नेल्यापासून परत येईपर्यंत चार-पाच तास सहज जातात. केईएम, शीव, नायर, जे.जे. अशा मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत अपघाताचे रुग्णही येत असतात, तेव्हा यादीतला क्रम बदलू शकतो. उशीर झाला म्हणजे आत काही बिघडलं असं नाही. एकानेच बसावं, फोन चार्ज ठेवावा, आणि त्या माणसाने आधी पोटभर खाऊन घ्यावं. रक्ताची बाटली, औषधं किंवा सही यासाठी हाक येऊ शकते आणि नेमका तेव्हाच माणूस वडापाव आणायला गेलेला असतो.

रक्ताचं म्हणाल तर हिमोग्लोबिन चांगलं असेल तर अनेकांना रक्त द्यावंच लागत नाही. रक्तस्राव कमी करायला ट्रानेक्झॅमिक ॲसिड देतात. तरी रक्तगट जुळवून तयारी ठेवलेली असते.

वॉर्डात आणलं तेव्हा आई थरथरत होती, पाय हलत नव्हते. आम्ही फार घाबरलो.

हे आधी सांगायला हवं होतं तुम्हाला. कंबरेतल्या भुलीनंतर थरथर खूप जणांना होते, गरम पांघरूण आणि औषधाने थांबते. पाय दोन ते चार तास, कधी जास्तही, जड राहतात. आधी पायाची बोटं हलतात. हाताला सलाईन, कधी लघवीची नळी, पायाला जाड ड्रेसिंग, क्वचित जखमेतून येणारी एक नळी, आणि पोटऱ्यांना हवेने दाबणारे पट्टे असा सगळा सरंजाम असतो. मळमळ किंवा नाक-तोंड खाजणं हे औषधांमुळे होऊ शकतं. सिस्टरला सांगा. पाणी त्यांनी हो म्हटल्यावर घोट-घोट, मग चहा-बिस्कीट. घरून डबा आणण्याआधी विचारा. अनेक खासगी रुग्णालयं बाहेरचं अन्न आत घेऊ देत नाहीत.

बोटं हलायला लागली की पावलं वर-खाली करत राहा, जागेपणी दर तासाला दहा-वीस वेळा. पोटरीत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून हा सगळ्यात सोपा उपाय आहे. गाठ टाळायची गोळी किंवा इंजेक्शन देतात, पण पावलं हलवायचं काम तुमचंच.

किती दुखतं? खरं सांगा.

दुखतं. भूल आणि पायातल्या नसेजवळ दिलेलं इंजेक्शन यांचा असर असेपर्यंत माणूस म्हणतो, "एवढंच होतं होय?" मग रात्री किंवा दुसऱ्या दिवशी तो असर उतरतो आणि ठणका सुरू होतो. म्हणून दुखायच्या आधीच वेळच्या वेळी औषध द्यायची पद्धत आहे.

इथे मला आपल्या आयांशी आणि आज्यांशी भांडायचं आहे. आयुष्यभर सोसलेलं असतं, तेव्हा सिस्टरने विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" की उत्तर येतं, "चालायचंच." दहापैकी आठ दुखत असताना तोंडातून तीन निघतात. मग औषध तीनचं मिळतं, रात्र जागून जाते, सकाळी गुडघा वाकवायला गेलं की पाय ताठ. इथे सोसण्याचा काही उपयोग नाही. दुखणं ताब्यात असलेली माणसं व्यायाम करतात आणि लवकर चालतात, हे मी रोज बघते. आकडा खरा सांगा. बर्फाची पिशवी मागा. "सारख्या बेल वाजवतात" असं कुणी म्हणेल याची काळजी करू नका.

त्याच दिवशी उभं करतात म्हणे. टाके उसवणार नाहीत का?

नाही उसवत. सकाळची केस असेल, पायात ताकद आलेली असेल, बीपी ठीक असेल तर संध्याकाळी आम्ही येतो. आधी पलंगाच्या कडेला बसवतो. चक्कर येते का बघतो. मग वॉकर, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मावशी किंवा वॉर्डबॉय. पहिल्या दिवशी चार पावलं पुरेत. दुपारची केस असेल किंवा मळमळत असेल तर दुसऱ्या सकाळी. शेजारच्या पलंगावरचे काका कॉरिडॉरपर्यंत गेले म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

गुडघ्याखाली उशी ठेवली की बरं वाटतं, ठेवू का?

नको. बरं वाटतं म्हणूनच धोका आहे. गुडघा वाकलेलाच राहायची सवय लागते आणि मग तो पूर्ण सरळ करताना फार त्रास होतो. उशी टाचेखाली. खुबा बदललेल्यांनी डॉक्टरांनी सांगितलं असेल तर दोन पायांच्या मध्ये उशी ठेवायची, मांडीवर मांडी टाकायची नाही आणि खाली पडलेली वस्तू वाकून उचलायची नाही.

भेटायला कोण कोण येऊ?

पहिल्या दिवशी शक्यतो एकच माणूस. आपल्याकडे अख्खी चाळ भेटायला येते, त्यामागची माया मला कळते. पण सर्दी-खोकला असलेल्याने येऊच नये, आणि ड्रेसिंगला कुणी हात लावू नये. अंगारा कपाळाला लावा, पायाला नको.

बिलाचं आणि बसवलेल्या सांध्याचं काय बघून घ्यायचं?

गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. इम्प्लांटची किंमत बिलात वेगळी दाखवलेली असावी. प्रत्येक भागाच्या खोक्यावर कंपनी, माप आणि क्रमांकाचं स्टिकर असतं. ते तुमच्या फाइलमध्ये लावलं का ते बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. पंधरा-वीस वर्षांनी कुणाला तुमचा सांधा तपासायचा झाला तर हाच पुरावा. कॅशलेस विमा असेल तर मंजुरी आदल्या दिवसापर्यंत आली का विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख ठरण्याआधीच विचारायचं असतं.

कशासाठी लगेच बेल वाजवायची?

अचानक दम लागला, छातीत दुखलं, ड्रेसिंग रक्ताने भिजत चाललं, पोटरी टणक होऊन दुखायला लागली, भुलीचा असर उतरायची वेळ उलटून गेली तरी पाऊल वर उचलता येत नाही, पाय गार पडला, लघवी तुंबली, किंवा औषध देऊनही दुखणं वाढतच गेलं. सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

रात्री बाथरूमला जायचं असेल तर?

बेल वाजवा आणि कुणी येईपर्यंत पलंगावरच थांबा. नव्या सांध्याची माणसं पडतात ती बहुतेक अशाच वेळी: पहाटेचे तीन, मुलगी शेजारी झोपलेली, तिला कशाला उठवा म्हणून एकटीच उठायचं. पाय अजून अर्धवट बधिर असतो, अंगात औषधांची गुंगी असते, वॉकर हाताच्या अंतरावर नसतो. सोबत राहणाऱ्याने झोपण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात: बेलचं बटण रुग्णाच्या हाताशी आहे, बाथरूमचा दिवा चालू आहे, आणि जमिनीवर ओलं नाही. आणि रुग्णाला झोपण्याआधीच सांगावं, "आई, मला उठव. मी त्यासाठीच थांबले आहे."